फ्री थ्रोच्या वेळी पंच कुठे उभा राहतो? पाहणाऱ्याच्या जागेचा एक छोटा इतिहास

‘पेट’ची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: संशोधनाचा विषय किती छोटा असला तर चालतो? त्याचं उत्तर थेट देण्यापेक्षा आज एक फारच छोटा विषय घेऊन बघूया. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो चालू असतो तेव्हा पंच कुठे उभे राहतात, आणि तिथेच का? एवढ्याशा प्रश्नाला इतिहास असतो का? असतो, आणि तो बराच लांब आहे. शिवाय आपल्या कबड्डी-खो-खोच्या मैदानापर्यंत तो येऊन पोहोचतो.

ज्यांनी खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी चित्र स्पष्ट करतो. फाऊल झाला की ज्याच्यावर तो झाला त्याला बऱ्याच वेळा फ्री थ्रो मिळतो. तो एका ठराविक रेषेमागे उभा राहतो, समोर कुणी अडवायला नसतं, आणि जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवरच्या रिंगमध्ये त्याला चेंडू टाकायचा असतो. आंतरराष्ट्रीय म्हणजे फिबाच्या नियमांनुसार ही रेषा बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून ४.६० मीटरवर असते आणि चेंडू हातात आल्यापासून पाच सेकंदांत तो टाकावा लागतो. रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना मिळून जास्तीत जास्त पाच खेळाडू उभे असतात, तीन बचाव करणाऱ्या संघाचे आणि दोन टाकणाऱ्याच्या संघाचे. शेवटचा थ्रो हुकला तर रीबाउंडसाठी झडप घालायची म्हणून ते टपून असतात. चेंडू टाकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. टाकणाऱ्यानेही चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा आत जाईपर्यंत रेषा ओलांडायची नाही.

म्हणजे पंचांनी एकाच क्षणी काय काय बघायचं? टाकणाऱ्याचे पाय, त्याचा हात, चेंडूचा प्रवास, पाच जणांचे दहा पाय, त्यांची कोपरं आणि वर पाच सेकंदांची मोजणी. दोन डोळ्यांना हे झेपत नाही. मग कामाची वाटणी करावी लागते, आणि वाटणी केली की ‘कुणी कुठे उभं राहायचं’ हा प्रश्न आपोआप येतो.

दोन पंच, दोन कामं : १८९१

बास्केटबॉलचा जन्म कुठे आणि कधी झाला हे नेमकं सांगता येतं. खेळांच्या इतिहासात अशी सोय क्वचित मिळते. डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफिल्ड गाव, वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय. जेम्स नाइस्मिथ या तरुण शिक्षकाला हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने पीच या फळाच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. १५ जानेवारी १८९२ रोजी ते विद्यालयाच्या ‘द ट्रायँगल’ या पत्रात छापून आले.

या तेरा नियमांत फ्री थ्रो नाहीच. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले आणि मधल्या काळात समोरच्या संघाने एकही केला नाही, तर समोरच्या संघाला एक गोल बहाल करायचा, अशी शिक्षा होती. पण आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. नाइस्मिथने पहिल्या दिवसापासून दोन अधिकारी ठेवले आणि त्यांची कामं वेगवेगळी लिहिली. अंपायरने माणसांवर लक्ष ठेवायचं, फाऊल नोंदवायचे आणि गरज पडली तर खेळाडूला बाहेर काढायचं. रेफरीने चेंडूकडे बघायचं: चेंडू खेळात आहे का, बाहेर गेला का, कुणाचा आहे, गोल झाला का. वेळही त्यानेच ठेवायची.

ही वाटणी नीट बघा. एकाच खेळाकडे बघण्याचे इथे दोन विषय केले आहेत, माणूस आणि चेंडू. कुणी कुठे उभं राहायचं हे त्या तेरा नियमांत सांगितलेलं नाही, फक्त कुणी काय बघायचं हे सांगितलं आहे. माझ्या मते फ्री थ्रोच्या वेळच्या जागांचा सगळा इतिहास या एका वाटणीतून वाढत गेला आहे. पुढे खेळ बदलला, मैदान बदललं, पंचांची नावं बदलली, पण ‘एक जण चेंडूबरोबर, दुसरा माणसांबरोबर’ ही जोडी टिकली. ती आज सगळ्यात स्पष्ट कुठे दिसते, तर फ्री थ्रोच्या त्या पाच सेकंदांत.

फ्री थ्रो आला, आणि प्रश्नही आला

तीन फाऊलला एक गोल ही शिक्षा फार दिवस टिकली नाही. काही वर्षांतच फाऊलच्या बदल्यात मोकळा फेक देण्याची पद्धत आली. सुरुवातीला तो २० फुटांवरून होता, १८९५ पर्यंत १५ फुटांवर आला. आजचे ४.६० मीटर म्हणजे तेच १५ फूट, मीटरच्या मापात थोडे गोल केलेले. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे अंतर हललेलं नाही. बाकी सगळा खेळ बदलत असताना जे बदलत नाही, तेही इतिहासाच्या अभ्यासकाला सांगण्यासारखं असतं.

थ्रो कुणी टाकायचा हे मात्र बदललं. अनेक वर्षं संघातला कुणीही फ्री थ्रो टाकू शकत असे. त्यामुळे प्रत्येक संघ एक निष्णात टाकणारा ठेवी आणि फाऊल कुणावरही झाला तरी तोच पुढे येई. अमेरिकेतल्या हौशी खेळात १९२३-२४ च्या सुमारास हे थांबलं. ज्याच्यावर फाऊल झाला त्यानेच टाकायचा, असा नियम झाला.

वरवर पाहता याचा पंचाच्या जागेशी संबंध नाही. पण विचार करा. आधी ‘फाऊल झाला’ एवढं पंचाने सांगितलं की काम भागत होतं. आता ‘फाऊल कुणी केला आणि कुणावर झाला’ हे दोन्ही नेमकं सांगणं भाग पडलं. गर्दीत दोन-तीन खेळाडू एकमेकांवर आदळले असतील तर लांबून, मागून किंवा कुणाच्या आडून बघून हे कळत नाही. नियम बदलला फक्त टाकणाऱ्याबद्दल, पण वाढली पंचाची जबाबदारी. हा माझा निष्कर्ष आहे, कुठल्या नियमपुस्तकात असं वाक्य नाही. संशोधन करताना ‘कागदपत्र काय म्हणतं’ आणि ‘मी त्यातून काय काढतो’ या दोन गोष्टी अशाच वेगळ्या मांडायची सवय लावून घ्या. व्हायवाच्या वेळी ती उपयोगी पडते.

पट्टा रुंदावत गेला

आता रिंगखालच्या त्या रंगवलेल्या पट्ट्याकडे या. सुरुवातीच्या काळात तो अवघा सहा फूट रुंद होता आणि वर फ्री थ्रोचं वर्तुळ. दोन्ही मिळून कुलपाच्या छिद्रासारखा आकार दिसे. म्हणून इंग्रजीत त्याला ‘की’ म्हणतात आणि आपल्याकडचे खेळाडूही तोच शब्द वापरतात. एनबीएने १९५१ मध्ये तो १२ फूट केला. कारण म्हणून जॉर्ज मायकन या उंच सेंटर खेळाडूचं नाव घेतलं जातं, तो रिंगखाली ठाण मांडून बसे. १९६४ मध्ये पट्टा १६ फूट झाला, तेव्हा नाव होतं विल्ट चेंबरलेनचं. फिबाने १९५६ मध्ये वेगळा मार्ग घेतला आणि पट्टा समलंब चौकोनी केला, म्हणजे फ्री थ्रो रेषेपाशी अरुंद आणि शेवटच्या रेषेपाशी सहा मीटर रुंद. तो आकार २०१० पर्यंत चालला. २०१० पासून फिबाचा पट्टाही आयताकृती झाला, ४.९० मीटर रुंद आणि ५.८० मीटर लांब. आपल्याकडच्या जुन्या मैदानांवर कधी कधी फिकट झालेल्या तिरप्या रेषा नव्या आयताखाली दिसतात, त्या याच काळाच्या खुणा. इतिहासाचं साधन कागदच असावं असं काही नाही.

पट्टा रुंदावला की रीबाउंडसाठी उभे असलेले खेळाडू एकमेकांपासून लांब जातात. सहा फुटांच्या पट्ट्यात समोरासमोरचे खेळाडू जवळजवळ हात लावू शकतील इतके जवळ होते, एका नजरेत मावत होते. पावणेपाच-पाच मीटरच्या पट्ट्यात दोन्ही कडांवर एकाच वेळी एका माणसाने नीट नजर ठेवणं कठीण. म्हणजे मैदान आखणाऱ्यांनी उंच खेळाडूंना आवरण्यासाठी पट्टा वाढवला आणि त्याची किंमत पंचाच्या डोळ्यांना मोजावी लागली.

वहीच्या पानावर करून बघा

आता थोडं गणित. मी भौतिकशास्त्रातून आलो आहे, त्यामुळे हा भाग टाळता येत नाही. आलेखाचा एक कागद घ्या. खाली शेवटची रेषा काढा, तिच्यावर ४.९० मीटर रुंदीचा पट्टा. पट्ट्याच्या प्रत्येक कडेला तीन जागा धरा, शेवटच्या रेषेपासून साधारण २.२, ३.४ आणि ४.३ मीटरवर. (एका कडेला तीन आणि दुसऱ्या कडेला दोन खेळाडू असतात, पण समजण्यासाठी दोन्हीकडे तीन धरू.)

पंच शेवटच्या रेषेवर, पट्ट्याच्या डाव्या कडेच्या अगदी सरळ रेषेत उभा आहे असं समजा. त्याच्या जवळच्या कडेचे तिन्ही खेळाडू एकामागे एक एकाच दिशेला येतात. पहिला दिसतो, बाकीचे दोघे त्याच्या आड. समोरच्या म्हणजे उजव्या कडेचे तिघे मात्र शेवटच्या रेषेशी सुमारे २४, ३५ आणि ४१ अंशांवर दिसतात, म्हणजे वेगवेगळे, सुटे.

आता पंचाला दीड मीटर बाहेर सरकवा. जवळचे तिघे ५६, ६६ आणि ७१ अंशांवर येतात. समोरचे १९, २८ आणि ३४ वर. दोन्ही कडांवर पहिल्या आणि तिसऱ्या खेळाडूमध्ये साधारण १५ अंशांचा फरक पडतो. म्हणजे कोनांच्या हिशोबाने दोन्ही बाजू सारख्याच दिसायला हव्यात. तरी पंचांना शिकवलं जातं की आपल्या समोरची, पलीकडची कड बघा. का?

कारण खेळाडू ठिपका नसतो, त्याला शरीर असतं. कडेला उभा असलेला खेळाडू पट्ट्याकडे तोंड करून असतो आणि त्याच्या पायाची बोटं रेषेला टेकायला आलेली असतात. पलीकडून बघितलं तर ती बोटं तुमच्याकडे वळलेली असतात, रेषेवर आली की लगेच दिसतात. जवळच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून बघितलं तर त्याच्याच पोटऱ्या आणि टाचा बोटांना झाकतात. कागदावरचे कोन बरोबर आले, पण चूक नेमकी जिथे होते ती जागा कोनात पकडलीच गेली नव्हती. प्रयोगाची रचना करताना हा धोका कायम असतो: जे मोजायला सोपं ते आपण मोजतो, आणि जे बघायचं होतं ते त्या मोजमापात नसतं.

आता टाकणाऱ्याकडे बघा. त्याचा पाय फ्री थ्रो रेषेला लागला का, हे ठरवायला सगळ्यात चांगली जागा कुठली? रेषा दोन्ही बाजूंना वाढवली तर जी सरळ रेषा होईल, तिच्यावर. प्रयोगशाळेत ब्युरेट वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवा असं का सांगतात? डोळा वर-खाली गेला की पॅरलॅक्समुळे आकडा चुकतो. धावबादचा निर्णय द्यायला क्रिकेटमधला स्क्वेअर लेगचा पंच क्रीजच्या सरळ रेषेत का उभा राहतो? त्याच कारणाने. फ्री थ्रो टाकणारा एकटाच असतो, त्याला झाकणारं कुणी नसतं, त्यामुळे रेषेच्या सरळीत उभं राहण्याचा पूर्ण फायदा मिळतो.

म्हणजे दोन नियम झाले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाऊल रेषेला लागलं का हे बघायचं तर रेषेच्या सरळीत उभे राहा. पण रेषेवर रांगेने माणसं उभी असतील तर सरळीत उभे राहू नका, समोरून बघा. एकट्या माणसासाठी पहिला नियम जिंकतो, रांगेसाठी दुसरा.

फ्री थ्रोच्या वेळी दोन पंचांची मांडणी याच तडजोडीतून आलेली आहे. एक पंच शेवटच्या रेषेजवळ, पट्ट्याच्या कडेपासून थोडा बाहेर. त्याला ‘लीड’ म्हणतात. किती थ्रो आहेत हे तो बोटांनी दाखवतो, टाकणाऱ्याला टप्पा देऊन चेंडू देतो आणि मग समोरच्या कडेवर नजर ठेवतो. दुसरा, ‘ट्रेल’, फ्री थ्रो रेषेच्या वाढवलेल्या टोकाच्या बाजूला. त्याच्याकडे टाकणाऱ्याचे पाय, पाच सेकंदांची मोजणी, चेंडूचा प्रवास आणि तो आत गेला की नाही हे. सगळे खेळाडू दोन पंचांच्या मध्ये राहावेत हे सूत्र फिबाचे प्रशिक्षक कायम सांगतात. एनबीएने १९८८-८९ पासून तीन पंच कायम केले, नंतर फिबाच्या मोठ्या स्पर्धांतही तीन पंच आले. त्यात ‘सेंटर’ हा तिसरा पंच फ्री थ्रो रेषेच्या बाजूला येतो आणि ‘ट्रेल’ मागे राहून उरलेल्या खेळाडूंकडे बघतो.

१८९१ ची वाटणी आठवा. चेंडू एकाकडे, माणसं दुसऱ्याकडे. नावं बदलली, जागा नेमक्या झाल्या, वाटणी तीच.

आपल्याकडे हा खेळ कुठल्या वाटेने आला

भारतात बास्केटबॉल वायएमसीएच्या वाटेने आला. स्प्रिंगफिल्डच्या पहिल्या सामन्यात खेळलेला डंकन पॅटन हा कॅनेडियन तरुण १८९४ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आला आणि त्याने इथे खेळाची ओळख करून दिली. पुढे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफिल्डचेच पदवीधर मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे शारीरिक शिक्षणाचं वायएमसीए विद्यालय सुरू केलं. तिथे शिकलेले शिक्षक देशभर गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

महाराष्ट्रात या खेळाचं सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे मुंबईचा नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभं केलं. हेच मॅन्शार्ट १९३६ मध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘टिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक. दाट वस्तीतल्या मुलांसाठी केलेल्या समाजकार्याचा एक भाग म्हणून तिथे बास्केटबॉल रुजला. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. एका खेळाचा इतिहास शोधताना समाजकार्याच्या शिक्षणाचा इतिहास हाती लागतो, हे असं होतं. ‘माझा विषय क्रीडा विभागात बसतो की समाजशास्त्रात?’ या प्रश्नाने अडून राहू नका.

आपले पंच कुठे उभे राहतात

आता तुलना. खो-खोचे नियम महाराष्ट्रात, मुख्यतः पुण्यात, विसाव्या शतकात लिखित स्वरूपात बांधले गेले. तिथेही दोन पंच असतात. पण वाटणी वेगळी आहे. मैदान मध्यपाटीने दोन अर्ध्या भागांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक पंच बाहेर उभा राहून आपल्या अर्ध्या भागातले निर्णय देतो. एकाने पाठलाग करणाऱ्याकडे आणि दुसऱ्याने पळणाऱ्याकडे बघायचं, असं नाही. खो-खोने बघण्याची वाटणी जागेने केली, बास्केटबॉलने विषयाने.

का बरं? खो-खोत पाठलाग करणारा आणि पळणारा दोघेही क्षणात मध्यपाटीच्या या बाजूचे त्या बाजूला जातात. पळणारा पाटी ओलांडू शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र ‘खो’ द्यावा लागतो. जो पंच एका माणसाच्या मागे नजर लावेल त्याला प्रत्येक वेळी बसलेल्या आठ जणांच्या रांगेआडून बघावं लागेल. त्यापेक्षा ‘माझ्या बाजूला जे होईल ते माझं’ हे सोपं.

कबड्डीतही दोन पंच मध्यरेषेच्या दोन टोकांना, दोन बाजूंना असतात, शिवाय एक सरपंच. चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळला की दुसऱ्या बाजूच्या पंचाला त्याची पाठ दिसते. स्पर्श झाला का, निदान रेषा ओलांडली का, हे ज्याच्याकडे त्याचं तोंड आहे त्यालाच नीट कळतं. दोन्ही बाजूंना एकेक जण हवाच.

१९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक हा इथे एक मजेदार मुक्काम आहे. बास्केटबॉल त्या वर्षी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. सामने उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर झाले. अंतिम सामना भर पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. नाइस्मिथ तेव्हा तिथे हजर होते. आणि त्याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विषयाने वाटणारा खेळ आणि जागेने वाटणारा खेळ एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलं असा दावा मी करणार नाही. पण दोन वेगळ्या परंपरा एकाच अडचणीवर, म्हणजे माणसाच्या नजरेच्या मर्यादेवर, दोन वेगळी उत्तरं काढतात, हे शेजारी ठेवल्यावरच दिसतं. तुलनात्मक पद्धतीचा उपयोग हा असा.

हे सगळं कुणाला लागू पडतं

कुणी म्हणेल, आता कॅमेरे आहेत, रिप्ले आहे, मग पंचाच्या जागेचं एवढं काय? आपल्या जिल्ह्यात कॅमेरे नसतात. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर शालेय स्पर्धा होते तेव्हा दोन पंच, दोन शिट्ट्या आणि टेबलावरचे गुणलेखक एवढीच यंत्रणा असते. सामना एका गुणावर आलेला, शेवटचे काही सेकंद, फ्री थ्रो. हुकला आणि बचाव करणाऱ्या संघाच्या कुणी आधी आत पाऊल टाकलं असेल तर थ्रो पुन्हा मिळतो. टाकणाऱ्याच्याच संघातल्या कुणी टाकलं असेल तर चेंडू समोरच्यांना जातो. थ्रो आत गेला तर कडेच्या खेळाडूंची ही चूक धरलीच जात नाही. इतका मोठा फरक एका पावलाने पडतो आणि ते पाऊल दिसलं की नाही हे पंच कुठे उभा होता यावर ठरतं.

जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढण आहे. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण, हे सगळं त्याच चढणीच्या वरच्या टोकाला बांधलेलं आहे. खालच्या पायरीवर जो अडला तो वर दिसतच नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीसाठी हा प्रश्न भूमितीचा राहत नाही. म्हणून दीड मीटर इकडे की तिकडे हा तपशील मला किरकोळ वाटत नाही. चुकीच्या जागी उभा असलेला पंच प्रामाणिक असू शकतो, आणि तरीही त्याचा निर्णय अन्यायाचा असू शकतो.

संशोधनाला निघालेल्यांसाठी तीन गोष्टी

पहिली, साधनांचे थर वेगळे ठेवा. नियमपुस्तक सांगतं काय करायला बंदी आहे. पंचांची मार्गदर्शिका सांगते कुठे उभं राहायचं. मैदानावर प्रत्यक्षात काय होतं हे तिसरंच. कित्येक प्रबंध पहिला थर वाचून तिसऱ्याबद्दल बोलतात.

दुसरी, किस्सा हा धागा आहे, पुरावा नाही. विल्ट चेंबरलेन कॉलेजात असताना मागून धावत येऊन फ्री थ्रो रेषेवरून उडी घ्यायचा आणि चेंडू थेट रिंगमध्ये घालायचा, म्हणून टाकणाऱ्याने रेषेमागेच राहायचा नियम झाला, असं सांगितलं जातं. गोष्ट छान आहे. पण तपासायची कशी? लागोपाठच्या वर्षांची नियमपुस्तकं शेजारी मांडायची आणि नेमकं कुठलं वाक्य कधी बदललं ते बघायचं. वाक्य बदललं हे पुस्तक सांगेल. कुणामुळे बदललं यासाठी समितीची टिपणं, त्या वर्षांची वर्तमानपत्रं, मुलाखती लागतील. ही दोन कामं वेगळी धरा.

तिसरी, आपल्या अभ्यासात पाहणारा कुठे उभा आहे हे लिहा. प्रश्नावली कुणी भरून घेतली, मुलाखत घरात झाली की कार्यालयात, सॅम्पल सकाळी घेतलं की संध्याकाळी. त्या जागेवरून कुठली ‘कड’ स्पष्ट दिसली आणि कुठली कुणाच्या पोटरीआड गेली? पद्धतीच्या प्रकरणात यावर एक परिच्छेद पुरतो. बहुतेक प्रबंधांत तोही नसतो.

आणि विषय छोटा आहे म्हणून घाबरू नका. पुढच्या वेळी शालेय किंवा आंतरमहाविद्यालयीन सामना असेल तेव्हा आलेखाचा कागद घेऊन बसा. प्रत्येक फ्री थ्रोला दोन्ही पंचांची जागा ठिपक्याने नोंदवा आणि शेजारी सामन्याची वेळ लिहा. शेवटच्या काही मिनिटांत, पंच थकलेले असताना, ते ठिपके कुठे सरकतात ते बघा. एका सामन्यातून काही सिद्ध होणार नाही. दहा सामन्यांचे कागद एकावर एक ठेवलेत तर तुमच्याकडे विचारण्यासारखा एक प्रश्न असेल, आणि संशोधन आराखडा लिहायला सुरुवात तिथूनच होते.